रिकाम्या तिजोरीच्या काळात नगरसेवकाने मते कशावर मागावीत?

१. प्रश्न मतदाराचा

"पाच वर्षे हाच नगरसेवक होता, तरी आमच्या गल्लीतली नाली झाली नाही. विचारले तर म्हणतो, नगर परिषदेकडे पैसाच नाही. मग पुन्हा त्यालाच मत का द्यायचे?" हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही लहान शहरात निवडणूक जवळ आली की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येत नाही. पैसा खरोखरच नव्हता का? नसेल, तर तो आणणे किंवा वाचवणे नगरसेवकाच्या हातात होते का? आणि हातात होते, तर त्याने ते केले की नाही, हे मतदाराने ओळखायचे कसे? या प्रकरणात हे तीन प्रश्न एकामागून एक सोडवायचे आहेत. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो: तंगीच्या काळात पुन्हा निवडून येण्याचा टिकाऊ रस्ता करवसुली, देखभाल आणि उघडा हिशेब यांतून जातो. हा रस्ता नगरसेवकांना वाटतो तितका धोक्याचा नाही, असे दाखवणारा पुरावाही उपलब्ध आहे.

२. नगर परिषदेचा पैसा येतो कुठून?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगर परिषदा आहेत. औंढा नागनाथ आणि सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. नगर परिषदांचा कारभार चालतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग, अशी या कायद्यात विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती, म्हणजे हे 'ब' वर्गाचे शहर. अशा शहराकडे मोठे कारखाने नसतात, उंच इमारतींचे विकास शुल्क नसते आणि जमिनींचे भावही पुण्या-मुंबईसारखे नसतात. त्यामुळे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, नगर परिषदेच्या गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराची वसुली आणि बांधकाम परवानगीचे शुल्क.

एके काळी याला जकातीची जोड होती. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर वसूल होणारी जकात हा नगर परिषदांचा रोजचा रोख पैसा होता. ज्या १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, त्याच साली राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारचे अनुदान सुरू झाले. व्यापाऱ्यांची आणि ट्रकवाल्यांची नाक्यावरची अडवणूक थांबली, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे एक मूलभूत बदल घडला. बाजार वाढला की नगर परिषदेचे उत्पन्न आपोआप वाढायचे, ते थांबले. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर गेला आणि ते उशिरा आले की पगारही उशिरा होऊ लागले. म्हणजे नवा जिल्हा मिळाला तेव्हापासूनच इथल्या नगर परिषदा दुसऱ्याच्या तिजोरीकडे पाहून दिवस काढत आहेत.

ती दुसऱ्याची तिजोरीही आता ताणात आहे. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली होती आणि राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणार होते. 'लाडकी बहीण' या एकाच योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. ही योजना हवी की नको हा वेगळा विषय आहे. पण राज्याचे हात असे बांधलेले असताना नगर परिषदांच्या रस्त्यांसाठी आणि नाल्यांसाठी हवा तेवढा निधी सुटेल, या आशेवर पाच वर्षांचे नियोजन करता येत नाही, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

३. मोटर मामाची, बिल घरचे

आता एक बारकावा. "निधी आला" असे आपण म्हणतो तेव्हा तो कशासाठी आला, हे पाहावे लागते. शेतकरी कुटुंबाला मामाने विहिरीवरची मोटर घेऊन दिली, तर ती देणगी मोठीच. पण महिन्याचे वीजबिल, जळालेले वाइंडिंग आणि फुटलेला पाइप यांचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. घरात तेवढा पैसा नसेल, तर मामाची मोटर विहिरीवर गंजत पडते. केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांचे पैसे बहुतांशी मोटरीसारखे असतात. त्यातून पाण्याची टाकी बांधता येते, जलवाहिनी टाकता येते, रस्ता करता येतो. पंपाचे बिल, नालीतला गाळ काढणे, बंद पडलेला पथदिवा बदलणे आणि घंटागाडीचे डिझेल हा खर्च मात्र मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टीतूनच करावा लागतो. हिंगोली शहराचे पाणी पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणातून येते. धरण भरलेले असले तरी ते पाणी नळापर्यंत आणायला वीज लागते, आणि विजेचे बिल चुकले की भरल्या धरणाचाही नळाला उपयोग नसतो.

शिवाय आलेला निधी मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या शिफारशींनुसार दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. उरलेला ४० टक्के भाग इतर स्थानिक गरजांसाठी होता, पण पगारावर तो वापरता येत नव्हता. हे अनुदान मिळवायलाही अटी होत्या. लेखापरीक्षण झालेले हिशेब संकेतस्थळावर टाकायचे, आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीशी मेळ राखून वाढवायची. म्हणजे घरचा पैसा गोळा केला नाही, तर बाहेरचा पैसाही अडचणीत येतो. राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजनांतही नगर परिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. "वसुली नको, निधी आणू" हे आश्वासन म्हणूनच पोकळ ठरते; निधी आणण्याची वाटसुद्धा वसुलीवरूनच जाते.

४. नगरसेवकाच्या हातात नेमके काय असते?

अंदाजपत्रक मुख्याधिकारी तयार करतात. ते राज्य सेवेतले अधिकारी असतात. मंजुरी मात्र नगरसेवकांची सभा देते. कराचे दर ठरवणे, पाणीपट्टी ठरवणे, कोणत्या प्रभागात कोणते काम आधी घ्यायचे ते ठरवणे आणि झालेल्या खर्चावर प्रश्न विचारणे हे नगरसेवकांचे अधिकार आहेत. करआकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. तिला 'चतुर्थवार्षिक आकारणी' म्हणतात. या वेळी नवी घरे, वाढवलेले मजले, घराची झालेली दुकाने यादीत यायला हवीत. ही आकारणी लांबवण्यासाठी सभेत दबाव आणायचा की वेळेवर करून घ्यायची, ही निवड नगरसेवकांनीच करायची असते.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका शहरात १८,००० मालमत्ता आहेत आणि सरासरी घरपट्टी वर्षाला २,००० रुपये आहे. वर्षाची चालू मागणी झाली ३ कोटी ६० लाख. वसुली ५० टक्के असेल तर हाती येतात १ कोटी ८० लाख. समजा सभेने घरपट्टी १० टक्क्यांनी वाढवली आणि वसुली ५० टक्क्यांवरच राहिली. मागणी ३ कोटी ९६ लाखांवर जाईल, पण हाती येतील १ कोटी ९८ लाख. सगळ्या शहराची नाराजी पत्करून मिळाले फक्त १८ लाख, आणि तेही जे आधीपासून नेमाने भरत होते त्यांच्याच खिशातून. आता दुसरा पर्याय पाहा. दर एक रुपयानेही वाढवले नाहीत, पण वसुली ८० टक्क्यांवर नेली. हाती येतात २ कोटी ८८ लाख, म्हणजे वर्षाला १ कोटी ८ लाख जादा. पाच वर्षांत ५ कोटी ४० लाख. शहरात १७ प्रभाग असतील तर प्रत्येक प्रभागाच्या वाट्याला ३१ लाखांहून अधिक. पैसाच नाही असे सांगणाऱ्या नगरसेवकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: वसुली किती टक्के होती, आणि ती वाढावी म्हणून सभेत तुम्ही काय केले?

घरपट्टीचे मागणी बिल नीट वाचले तर आणखी एक गोष्ट कळते. त्यावर संकलित करासोबत शिक्षण कर असतो, बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर असतो, शिवाय वृक्ष कर आणि अग्निशमन करासारख्या ओळी असतात. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर नगर परिषद गोळा करते, पण तो जमा होतो राज्याकडे. वेळेत न भरलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. थकबाकी जुनी झाली की शास्तीच मूळ कराला गाठते आणि भरण्याची इच्छा असलेला माणूसही हात टेकतो. म्हणूनच २०२५ मध्ये नगर परिषद क्षेत्रातली शास्ती माफ करता यावी यासाठी सरकारने अभय योजनेचा मार्ग काढला. अशी माफी कधीतरी द्यावी लागते, पण ती वारंवार दिली की वेळेवर भरणारा स्वतःलाच दोष देऊ लागतो. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी बिल वेळेवर घरोघर पोहोचवणे आणि मार्चची वाट न पाहता हप्त्याने रक्कम स्वीकारणे सर्वांना परवडते.

५. हिशेब मागायचा कोणाकडे?

आता अडचणीचा भाग. संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार नगर परिषदेची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात हिंगोली, वसमत आणि कळमनुरीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली आणि त्यानंतर थेट डिसेंबर २०२५ मध्ये. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचनेचे घोळ होते. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, ४ नोव्हेंबरला राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगर परिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला आणि मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. मधली सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. त्यामुळे या निवडणुकीत 'पुन्हा संधी द्या' म्हणणारे सगळे माजी नगरसेवक होते. खराब रस्त्याबद्दल विचारले की प्रशासकाकडे बोट दाखवायची सोय त्यांना होती आणि चांगल्या कामाचे श्रेय घ्यायलाही अडचण नव्हती. ज्या निवडणुकीत कोणाचाच हिशेब नीट लागत नाही, तिथे मत कामावर पडणे कठीण होते. वेळेवर निवडणूक ही म्हणूनच पैशाच्या शिस्तीचीही पूर्वअट आहे.

दुसरी अडचण आरक्षणाच्या फेरबदलाची आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत आणि प्रभागांची आरक्षणे सोडतीने बदलत राहतात. यावर एक आक्षेप नेहमी येतो: पुढच्या वेळी आपला प्रभाग आपल्याला मिळणारच नसेल, तर नगरसेवक मेहनत कशाला घेईल? आक्षेपात तथ्य आहे, पण तो पूर्ण चित्र सांगत नाही. रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. आधी महिलांसाठी राखीव असलेले प्रभाग खुले झाल्यावर तिथे महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे आरक्षणातून आलेल्या महिलांनी तिथे आपली जागा निर्माण केली आणि पक्षांना व मतदारांना त्यांची दखल घ्यावी लागली. सोडत हिशेब अवघड करते. कामाची किंमत मात्र ती पुसून टाकत नाही.

६. वसुली केली तर मते जातात का?

हा प्रत्येक नगरसेवकाच्या मनातला खरा धाक. निवडणुकीच्या वर्षी नळतोडणीला गेलेले पथक परत बोलावले जाते, ते याच धाकापोटी. यावर पुरावा काय सांगतो? भारतातल्या १४ मोठ्या राज्यांच्या १९६० ते १९९२ या काळाचा अभ्यास स्तुती खेमानी यांनी २००४ मध्ये मांडला. निवडणुकीच्या वर्षी राज्ये एकूण खर्च वाढवताना दिसली नाहीत; काही मोजक्या गटांना करसवलती मिळाल्या आणि रस्तेबांधणीकडे जास्त लक्ष दिले गेले. म्हणजे सगळ्यांना काही वाटत सुटल्याने निवडणूक जिंकता येते, हे राज्यकर्त्यांनाही पटलेले नाही.

इटलीतला दाखला आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तिथल्या सरकारने हवाई छायाचित्रे आणि जमिनीच्या नोंदी ताडून पाहिल्या. २० लाखांहून अधिक भूखंडांवर नोंद नसलेली बांधकामे सापडली आणि ती करात आणली गेली. लोरेन्झो कासाबुरी आणि उगो त्रोयानो यांनी २०१६ मध्ये दाखवले, की जिथे ही मोहीम जास्त जोरात चालली, तिथले सत्तेवरचे महापौर पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली नाही, उलट वाढली. जिथे सार्वजनिक सेवा कार्यक्षम होत्या, तिथे हा परिणाम अधिक दिसला. कारण समजायला अवघड नाही. कर चुकवणारा रागावतो, पण वेळेवर भरणाऱ्याला न्याय झाल्यासारखे वाटते, आणि भरणारे सहसा संख्येने जास्त असतात. इस्रायलमधल्या नगरप्रमुखांच्या १९८९ ते १९९८ या काळातल्या निवडणुकांचा आदी ब्रेंडर यांचा अभ्यासही हेच सुचवतो. १९९८ मध्ये मतदारांनी निवडणूक-वर्षात तूट वाढवणाऱ्यांना शिक्षा केली आणि विकासकामांवर खर्च करणाऱ्यांना साथ दिली. त्याआधीच्या निवडणुकांत असा परिणाम दिसला नव्हता. मधल्या काळात नगरपालिकांचे हिशेब अधिक शिस्तीचे आणि लोकांना अधिक दिसणारे झाले होते. हिशेब दिसला तर मतदार तो वाचतो, हा यातला मुख्य धडा.

७. तीन आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप: "हे परदेशातले. आपल्याकडे मत जातीवर, पक्षावर आणि पाकिटावर पडते." असे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नगरसेवकाची निवडणूक लहान असते. काही मतांच्या फरकाने निकाल फिरतो. अशा लढतीत जात आणि पक्ष यांवर पक्की झालेली मते दोन्ही बाजूंना असतात, आणि निकाल ठरवतो तो नळाला पाणी आले की नाही हे पाहणारा उरलेला मतदार. त्याच्यापर्यंत हिशेब पोहोचवणारा उमेदवार पुढे राहतो.

दुसरा आक्षेप: "वरून निधी आणणारा नेता असला की झाले, घरपट्टीची चिंता कशाला?" त्याचे उत्तर तिसऱ्या भागात आले आहे: निधीतून काम उभे राहते, ते चालू ठेवायला घरचा पैसा लागतो. शिवाय निधी ज्याच्या मर्जीने येतो, त्याच्या मर्जीने अडतोही. स्वतःचे उत्पन्न असलेल्या नगर परिषदेचा नगरसेवक आमदार-खासदारांपुढे मागण्या घेऊन जातो. उत्पन्न नसलेल्याला विनवण्या कराव्या लागतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: "वसुली कडक केली की गरीब भरडला जातो." हळदीचा किंवा सोयाबीनचा भाव पडला की हिंगोलीसारख्या शहरातल्या हमालाच्या आणि छोट्या दुकानदाराच्या घरात पैसा येत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच वसुलीचा क्रम महत्त्वाचा. आधी मोठे थकबाकीदार, मग व्यापारी गाळ्यांचे थकलेले भाडे, मग नोंद नसलेली मोठी बांधकामे, मग सरकारी कार्यालयांकडचे येणे; पत्र्याच्या घराचा नळ सर्वांत शेवटी, आणि तोही हप्ते बांधून दिल्यानंतरच. वसुली होत नाही तेव्हा खरा भार गरिबावरच पडतो. श्रीमंत माणूस बोअर घेतो, टँकर मागवतो. गरिबाला नळाशिवाय दुसरा आधार नसतो.

८. मतदाराने काय विचारावे?

कायद्यात एक चांगली तरतूद आहे. बिल मिळूनही नगर परिषदेची थकबाकी न भरणारा माणूस नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो. त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवसांत थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायला इच्छुकांची धावपळ होते. स्वतःची थकबाकी नसणे ही किमान अट झाली. मत मागायला आलेल्या नगरसेवकाला त्यापुढचे विचारावे: तुमच्या प्रभागात पाच वर्षांपूर्वी वसुली किती टक्के होती आणि आज किती आहे? चतुर्थवार्षिक आकारणी वेळेवर झाली का? पथदिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल थकले आहे का? लेखापरीक्षकांचे आक्षेप किती निकाली निघाले? अंदाजपत्रकाच्या सभेत तुम्ही काय बोललात? यातली बहुतेक माहिती माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. नगर परिषदांच्या कायद्यातील २००९ च्या दुरुस्तीने मतदारांच्या क्षेत्रसभांचीही तरतूद केली आहे, तिचा फारसा वापर झालेला नाही. तो करायला लावणे मतदारांच्या हातात आहे.

आणि नगरसेवकांना सांगणे एवढेच, की डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत वेळेवर संपली तर पुढची परीक्षा २०३० च्या अखेरीस आहे. प्रशासकाकडे बोट दाखवण्याची सोय तेव्हा नसेल. दर मार्चअखेर आपल्या प्रभागात किती पैसा जमला, किती खर्च झाला आणि कोणते काम पैशाअभावी राहिले, हे एका पानावर लिहून चौकात लावावे. राहिलेल्या कामाचे कारण खरे असेल तर लोक ते समजून घेतात. आपल्या प्रभागात असे पान लागले नसेल, तर मतदारांनी २०३० ची वाट न पाहता ते येत्या मार्चलाच मागावे.